ढेपेच्या पोत्यावर माहितीपट काढा, पण पैसा आपलाच हवा

तुमच्या गोठ्यात आज जे ढेपेचे किंवा पशुखाद्याचे पोते उघडे आहे, त्यावर काय छापले आहे ते एकदा जाऊन वाचा. बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, बनवल्याची तारीख, प्रथिने किती टक्के, स्निग्धांश किती, आयएसआयचा शिक्का आहे की नाही, यांपैकी काय काय सापडते ते मोजा. पुष्कळ पोत्यांवर ठळक अक्षरातले नाव आणि धष्टपुष्ट गाईचे चित्र यापलीकडे फारसे काही मिळणार नाही. सुटी ढेप घेत असाल तर तेवढेही नाही.

खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे नसले तर आपण दुकानदाराशी भांडतो. बियाण्याच्या पिशवीचे लेबल पावतीसोबत जपून ठेवतो, कारण उगवले नाही तर तक्रारीला ते लागते. पण ज्या जनावरावर घरचा रोजचा खर्च आणि पोरांची फी चालते, त्याच्या पोटात काय जाते याची चौकशी "ढेप बरी आहे ना भाऊ?" एवढ्यावर संपते. दुकानदार "एकदम बढिया" म्हणतो आणि पोते बंडीत पडते.

या पोत्यात काय असते, त्याने जनावराचे काय होते, हे दाखवणारा एक माहितीपट खापा आणि आसपासच्या गावांनी मिळून काढावा, असे माझे म्हणणे आहे. तो कंपनीच्या पैशाने नको आणि सरकारी योजनेतूनही नको. घरटी वर्गणी काढून आपणच काढावा. हे वेडेपण वाटेल. पण आपल्या देशात शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून चित्रपट काढला आहे, आणि तोही साधासुधा नव्हे. ते पुढे सांगतो. आधी पोत्याकडे पाहू.

पोत्यातले विष

आपल्या विदर्भात कापूस मुबलक, त्यामुळे सरकीची ढेप हा दुभत्या जनावराचा मुख्य खुराक. जोडीला तुरीची चुनी, सोयाबीन-तुरीचे कुटार आणि अलीकडे कारखान्यातले गोळीपेंड. यात वाईट असे काही नाही. ढेपेशिवाय दूध निघत नाही, हे गवळाऊ गाय पाळणाराही सांगेल आणि नागपुरी म्हैस पाळणाराही. वाईट आहे ती ओल. पावसाळ्यात ढेप ओलावली, भिंतीला टेकून राहिली, पोत्याच्या तळाशी गाठी धरल्या की तिच्यावर बुरशी येते. यातल्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात.

या विषाचा शोधच मुळी ढेपेतून लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे एक लाखावर पक्षी पटापट मेले. रोग कोणता ते कळेना. शेवटी त्यांना घातलेल्या ब्राझीलच्या भुईमूग ढेपेत दोष सापडला. ढेपेवरच्या बुरशीने हे विष तयार केले होते.

जनावराच्या पोटात ते थोडे थोडे रोज गेले तर जनावर लगेच मरत नाही, आणि इथेच आपण फसतो. खाणे कमी होते, दूध हळूहळू घटते, यकृत बिघडते, रोगाशी लढायची ताकद जाते. वासरांना बाधा जास्त. आपण म्हणतो नजर लागली, नाही तर जनावरच हलके निघाले. डॉक्टर येतात, सलाईन लावतात, बिल होते, आणि संध्याकाळी त्याच पोत्यातली ढेप पुन्हा गव्हाणीत पडते.

या विषाचा काही अंश दुधातही उतरतो. बुरशीची ढेप खाल्ल्यावर एक-दोन दिवसांतच तो दुधात दिसू लागतो. दूध उकळून तो जात नाही. समाधान एवढेच की खराब खाद्य बंद केले तर थोड्याच दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. म्हणजे उपाय आपल्या हातात आहे, पण पोते खराब आहे हे कळले तरच.

हे आकड्यांनीही दिसले आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. दुधात घातक भेसळ सापडली १२ नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त सापडले ३६८ नमुन्यांत. मंडळी, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दुधात पाणी घालतात, युरिया घालतात, म्हणून शेतकऱ्याच्या नावाने बोंब मारणारे पुष्कळ. पण त्या तपासणीत भेसळीपेक्षा कितीतरी जास्त दोष वैरण आणि खाद्यातून आलेला निघाला. तो पैसे देऊन आपणच विकत घेतलेला होता.

कुत्र्याचे पाकीट आणि गाईचे पोते

आता कोणी म्हणेल, बुरशी तर डोळ्यांना दिसते, त्यासाठी चित्रपट कशाला? सगळेच डोळ्यांना दिसत नाही. एक उदाहरण देतो.

शहरात कुत्र्यामांजरांना पाकिटातले तयार खाद्य घालण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. अमेरिकेत तर तो फार मोठा धंदा आहे. तिथे मार्च २००७ मध्ये कुत्री-मांजरे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली. एका कंपनीने सहा कोटींच्या घरात डबे आणि पाकिटे बाजारातून परत मागवली. शोध घेतला तेव्हा चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाइन नावाचे रसायन सापडले. ते प्लास्टिकसारख्या वस्तूंना लागते. मग खाद्यात ते घातले कशाला? याचे कारण नीट समजून घ्या. खाद्यातली प्रथिने मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे त्यातला नत्र मोजायचा आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडायचा. मेलामाइनमध्ये नत्र भरपूर. म्हणजे माल हलका, पण कागदावर प्रथिने जास्त. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये हीच युक्ती दुधात झाली. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली आणि सहा दगावली.

कुत्र्याच्या पाकिटातली चलाखी एका वर्षात बाळाच्या दुधात दिसली. आपल्याकडे युरिया स्वस्त आहे आणि त्यातही नत्रच आहे. रवंथ करणारे मोठे जनावर ठराविक मर्यादेपर्यंत युरिया पचवते. मर्यादा ओलांडली तर तेच जनावर तडफडून मरते, आणि वासराला तर तो चालतच नाही. त्यामुळे पोत्यावर प्रथिनांचा आकडा मोठा असला म्हणजे माल चांगला, असे धरून चालत नाही. ती प्रथिने कशातून आली हेही कळायला हवे. ते डोळ्यांनी दिसत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. १९८६ साली तिथे गाई लडखडून पडू लागल्या. कारण निघाले ते असे की त्यांच्या खाद्यात मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी मिसळली जात होती. गाय गवत खाणारी. तिला हे खाऊ घातले जाते हे किती गोपालकांना ठाऊक होते? एक लाख ऐंशी हजारांवर गाईंना तो रोग झाल्याचे सिद्ध झाले. १९९६ मध्ये तिथल्या सरकारने तो माणसांतही आल्याचे मान्य केले.

अमेरिकेत पाकीटबंद खाद्य आणि जनावरांचे आरोग्य या विषयावर २०१६ साली 'पेट फूल्ड' नावाचा माहितीपट निघाला. दोन पशुवैद्य महिला त्यात उघडपणे बोलल्या. कुत्र्यासाठी तिकडे एवढे होते. इथे तर गाय-म्हैस म्हणजे घरचा पगार आहे, आणि आपल्या ढेपेवर कोणी अर्ध्या तासाचे चित्रण केल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

माहितीपटच का, आणि पैसा कोणाचा

पत्रके वाटून झाली आहेत. पशुसंवर्धन खात्याची पत्रके वाचनीय असतात, पण दुभते जनावर सांभाळते घरची बाई. सकाळी चार वाजता उठून शेण काढणाऱ्या माउलीला पत्रक वाचायला सवड नाही. चित्र मात्र सगळे पाहतात. आता तर प्रत्येक घरात मोबाइल आहे. बुरशीची ढेप कशी दिसते, वास कसा येतो, नमुना कसा घ्यायचा, तपासणीत काय निघाले, हे चित्रातून दाखवले तर एका बैठकीत समजते.

खाद्य विकणारेही हे ओळखून आहेत. म्हणून त्यांचे मेळावे होतात, पडद्यावर फिल्म दाखवतात, टोपी आणि चहा-पोहे देतात. त्यात चूक काही नाही, त्यांचा तो धंदा आहे. पण त्या फिल्ममध्ये खराब पोते कधी दिसणार नाही, कारण ज्याने पैसा घातला त्याचा माल त्यात आहे.

दुसऱ्या बाजूला आपल्यावर चित्रपट निघाले नाहीत असेही नाही. विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यांवर 'कॉटन फॉर माय श्राउड' निघाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात परदेशी दिग्दर्शकाने 'बिटर सीड्स' काढला. कळकळीची कामे होती. पण सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी ती आपल्या गावात पाहिली? काय दाखवायचे आणि कोणाला दाखवायचे, यात आपला शब्द नव्हता, कारण त्यात आपला रुपया नव्हता.

दोन रुपयांचा 'मंथन'

आता ती दोन रुपयांची गोष्ट. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि मुख्य भूमिकेत आपली स्मिता पाटील. गिरीश कर्नाड यांनी त्यात ज्या डॉक्टर राव यांची भूमिका केली ते कोण? गुरांचे डॉक्टर! गुजरातच्या एका खेड्यात ते दूध सोसायटी उभी करायला येतात आणि गावातला दुधाचा व्यापारी, सरपंच, जातीपाती सगळे आडवे येतात, अशी ती कथा.

बेनेगल यांनी आधी दुग्धक्रांतीवर माहितीपट केले होते. पण ते ज्यांना आधीच पटलेले आहे त्यांनीच पाहायचे, म्हणून त्यांना मोठा चित्रपट काढायचा होता. पैसा कोणी देईना. तेव्हा डॉ. वर्गीस कुरियन यांनी मार्ग काढला. गुजरातच्या दूध संघांतल्या पाच लाख सभासदांनी दुधाच्या पैशातून प्रत्येकी दोन रुपये दिले. पाच लाख दुणे दहा लाख. चित्रपटाच्या सुरुवातीला निर्माता म्हणून गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांचेच नाव येते. चित्रपट लागला तेव्हा शेतकरी ट्रक भरभरून पाहायला आले, कारण तो त्यांचा स्वतःचा चित्रपट होता. पुढे त्याच्या प्रती गावोगाव फिरल्या, आणि सोबत पशुवैद्य, दुधाचा जाणकार आणि चाऱ्याचा जाणकार गेला. चित्रपट पाहायचा आणि लगेच शंका विचारायच्या. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मे २०२४ मध्ये दुरुस्त केलेली त्याची नवी प्रत फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवात दाखवली गेली.

हेही लक्षात ठेवा की 'मंथन'च्या मागे अमूलची मोठी संघटना होती, आणि सहकाराचा प्रसार हा तिचा हेतू होता. आपल्यामागे तशी संघटना नाही. म्हणून आपले काम लहान असेल. पण त्याचा एक फायदाही आहे. कोणत्याच संस्थेचे गुणगान करायची आपल्याला गरज नाही.

हिशेब मांडून पाहू

खापा, सावनेर, पारशिवनी या पट्ट्यातल्या दहा हजार घरांनी वीस-वीस रुपये दिले तर दोन लाख होतात. वीस रुपयांत आज दोन कप चहाच येतो. दोन लाखांत 'मंथन' होणार नाही. पण मोबाइल आणि लहान कॅमेऱ्यावर अर्ध्या तासाचा स्वच्छ माहितीपट होऊ शकतो, आणि त्यातली मोठी रक्कम पोत्यांच्या नमुन्यांच्या तपासणीवर जावी, असे माझे मत आहे. तपासणीशिवाय चित्रण म्हणजे नुसती ओरड होईल. आपले भाग्य असे की नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २००० साली स्थापन झालेल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही तिथेच आहे. सकाळी खाप्याहून निघालेला माणूस काम करून संध्याकाळी धार काढायला घरी येतो. जाणकार माणसे इतकी जवळ असणारे जिल्हे थोडे आहेत.

वर्गणी म्हटली की लोक दचकतात, आणि ते खोटे नाही. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब मागणारा गावात वाईट ठरतो. म्हणून नियम आधी ठरले पाहिजेत.

पहिला नियम, प्रत्येक रुपयाची पावती, आणि जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या आणि दूध सोसायटीच्या फळ्यावर. दुसरा, एका घराकडून शंभर रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, मग तो कितीही मोठा बागायतदार असो. जास्त दिलेला माणूस जास्त बोलतो. तिसरा, खाद्य, ढेप किंवा औषध बनवणाऱ्या-विकणाऱ्यांचा एक पैसा घ्यायचा नाही आणि पुढाऱ्यांचाही नाही. चौथा, पैसे गोळा करणारी पंचमंडळी वेगळी आणि चित्रण करणारी पोरे वेगळी. पंचांनी हिशेब पाहावा, काय दाखवायचे यात हात घालू नये. पाचवा, नाव घेऊन एखाद्या मालाला वाईट म्हणायचे तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल हातात हवा, आणि बनवणाऱ्याला आपली बाजू मांडायची संधी द्यायलाच हवी. ती बाजूही चित्रात आली पाहिजे. चांगला माल देणारा गिरणीवाला या तपासणीला भिणार नाही. उलट त्याचा माल चांगला निघाला तर तेही दाखवावे.

दुधाचा भाव पडेल काय?

सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे, आणि ती बोलून दाखवली पाहिजे. दुधात विष उतरते असे आपणच पडद्यावर दाखवले, तर उद्या संकलन केंद्रावर "तुमच्या भागाचे दूध खराब" म्हणून भाव पाडणार नाहीत काय? दुसऱ्यावर ढकलायला मिळालेली संधी कोणी सोडत नाही. हा धोका खरा आहे.

पण विचार करा. दुधाचा अहवाल २०१९ पासून उघड आहे. दूध घेणाऱ्या मोठ्या डेअऱ्यांना हे सगळे ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त तुम्हा-आम्हाला. दूध नाकारले तर तोटा शेतकऱ्याचा, जनावर बिघडले तर तोटा शेतकऱ्याचा, आणि पोते विकणारा मोकळा. गप्प बसून हा हिशेब बदलत नाही. म्हणून सहावा नियम असा की नमुने पोत्याचे घ्यावेत. कोणाच्याही गोठ्यातले दूध नावानिशी दाखवू नये. अहवाल हातात आला की आपण दुकानदाराला पावती मागू शकतो, बदली माल मागू शकतो, दूध सोसायटीला एकत्रित खरेदी करून तपासलेलेच खाद्य आणायला सांगू शकतो. पशुखाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस २०५२ हे मानक आहे. त्यात प्रथिनांपासून अफ्लाटॉक्सिनपर्यंतच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. मागायचे काय, ते छापून तयार आहे. मागणारा हवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना विनंती अशी की या कामात पंचायतीचा निधी घालू नका. पंचायतीचा फळा, समाजमंदिर आणि ग्रामसभेतला अर्धा तास तेवढा द्या. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी नमुना कसा घ्यावा ते पोरांना एक दिवस शिकवावे. पोत्याच्या वरचे मूठभर घेतले तर तपासणी फुकट जाते. वरून, मधून, तळातून घ्यावे लागते. सोसायटीच्या सचिवांनी वर्गणीची पावती दुधाच्या पुस्तकासोबत द्यावी. गावात व्हिडिओ काढणारी पोरे लग्नसराईनंतर मोकळीच असतात. त्यांना काम द्या.

तोवर घरी एवढे करा. ढेप जमिनीवर आणि भिंतीला लावून ठेवू नका, खाली फळ्या टाका. पावसाळ्यात महिनाभराचा साठा एकदम भरू नका. गाठी धरलेली, हिरवट-काळी पडलेली, कुबट वासाची ढेप जनावराला घालू नका. "वाळवली की चालते" हे खरे नाही. बुरशी वाळते, विष तसेच राहते. आणि पोते रिकामे झाले तरी लेबल फाडून टाकू नका, पावतीसोबत ठेवा.

पोळ्याला आपण बैलाची खांदमळणी करतो, पुरणपोळी भरवतो, आणि दुसऱ्या दिवशी पोरे तान्हा पोळ्याचे लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. माहितीपट झाला तर तो याच दोन दिवसांत, मारुतीच्या पारासमोर पांढरी चादर बांधून दाखवावा. त्याआधी ग्रामसभेत विषय निघाला पाहिजे. येत्या ग्रामसभेला तुम्ही जाल तेव्हा गोठ्यातल्या पोत्याचे लेबल खिशात घेऊन जा आणि एवढेच विचारा, की यात काय आहे ते आम्हाला कोण सांगणार? कोणी उत्तर दिले नाही, तर पहिली पावती तिथेच फाडा.